पावसाळी मुलखातली रायफल: लोखंडावर काय चढवावं?

आपल्या मापाची रायफल बांधून घ्यायची ठरली की माणूस बॅरलची चौकशी करण्यात आठवडे घालवतो, स्टॉकसाठी लाकूड की अ‍ॅल्युमिनियम यावर महिनाभर वाद घालतो, ट्रिगरचं वजन ग्रॅममध्ये बोलतो. लोखंडावर वरून कोणतं फिनिश द्यायचं हा प्रश्न मात्र शेवटच्या दिवशी ‘काळं करून टाका’ एवढ्यावर मिटवला जातो. राजस्थानात हे चालून जाईल. कोल्हापुरात चालत नाही. इथे जूनच्या दुसऱ्या आठवड्यापासून सप्टेंबरअखेरपर्यंत हवेत इतका ओलावा असतो की उघडं पोलाद एका रात्रीत तांबूस पडतं. शहरातून पश्चिमेला राधानगरी, गगनबावड्याकडे सरकलं की तो पाऊस कित्येक पटींनी वाढतो.

हा लेख तीन प्रकारच्या वाचकांसाठी आहे. पहिला, स्पर्धेत उतरणारा नेमबाज किंवा त्याचे आईवडील. तेजस्विनी सावंत यांनी २०१० साली म्युनिकला ५० मीटर प्रोन प्रकारात जागतिक विजेतेपद मिळवलं, राही सरनोबत यांनी २०१८ च्या आशियाई स्पर्धेत पिस्तुलाचं सुवर्ण आणलं आणि राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळे यांनी २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर थ्री पोझिशनचं कांस्यपदक जिंकलं. तेव्हापासून ‘पोराला रायफल घ्यायची आहे’ हे वाक्य या जिल्ह्यात नवलाचं राहिलेलं नाही. दुसरा वाचक, रानडुक्कर आणि गव्यांपासून ऊस-भात राखण्यासाठी परवान्याची बंदूक बाळगणारा शेतकरी. तिसरा, ज्याच्या घरात आजोबा-पणजोबांची दुनळी किंवा जुनी शिकारी रायफल परवान्यावर उतरत आलेली आहे तो. तिघांसाठी उत्तर एकच नाही. फिनिशची चर्चा नेहमी रंगापासून सुरू होते म्हणून फसते. सुरुवात हत्याराच्या वापरापासून आणि त्याच्या घडणीपासून करायला हवी.

आधी शत्रू ओळखू. हवेची सापेक्ष आर्द्रता साधारण साठ टक्क्यांच्या वर गेली की लोखंडाच्या पृष्ठभागावर डोळ्यांना न दिसणारी पाण्याची पातळ झिल्ली बसते आणि गंज वेग घेतो. आपल्याकडे जुलै-ऑगस्टमध्ये आर्द्रता दिवसेंदिवस ऐंशीच्या खाली येत नाही. त्यात हाताचा घाम मिसळतो. घामात मीठ असतं, मीठ हवेतलं पाणी ओढून धरतं, आणि मिठातला क्लोराइड पोलादात सुईच्या टोकाएवढे खड्डे पाडतो. काही माणसांचा घाम मुळातच जास्त खारट असतो. त्यांनी बोल्टचा मुठीकडचा भाग सकाळी हाताळला तर संध्याकाळी तिथे बोटांचे ठसे तपकिरी उमटतात. अशा हातांच्या नेमबाजाला मी फिनिशच्या बाबतीत जास्त खर्च करायला सांगेन, बाकीच्यांना नाही.

स्पर्धेच्या .२२ रायफलबद्दल एक गोष्ट लक्षात ठेवा. ती तापत नाही. गोळी ध्वनीच्या वेगाच्या आसपास किंवा त्याच्याही खाली जाते, दारू चिमूटभरच असते, तासभर सराव केला तरी बॅरल कोमट होतं एवढंच. म्हणून जाहिरातींत ‘इतके अंश तापमान सोसणारं कोटिंग’ असं जे ठळक छापलेलं असतं, त्याचा या नेमबाजाला काहीही उपयोग नाही. त्याला घाम, दमट हवा आणि पेटीतला कोंडलेला ओलावा यांच्याशीच लढायचं आहे.

आता फिनिशचे प्रकार. कोल्हापूरकरांना मी हे उद्यमनगरच्या भाषेत सांगू शकतो, हे या गावाचं भाग्य आहे. शिवाजी उद्यमनगर, शिरोली, गोकुळ शिरगाव इथल्या शॉपमध्ये ज्याला ‘ब्लॅकोडायझिंग’ म्हणतात, तेच बंदुकीच्या जगात हॉट ब्ल्यूइंग. कॉस्टिक सोडा आणि नायट्रेटचं संपृक्त पाणी साधारण १४० अंश सेल्सिअसला उकळत असतं, त्यात भाग पंधरा-वीस मिनिटं बुडवला की पोलादाच्या पृष्ठभागाचंच काळं लोह-ऑक्साइड होतं. वरून काही चढत नाही, त्यामुळे माप बदलत नाही, आटे तसेच राहतात, नीट पॉलिश केलेल्या बॅरलवर खोल निळसर काळा रंग येतो. दिसायला याच्या तोडीचं फार थोडं आहे. पण हा थर जेमतेम एक-दोन मायक्रॉनचा. तो स्वतः पाणी अडवत नाही, तो तेल धरून ठेवतो आणि संरक्षण ते तेल करतं. ब्ल्यूइंग केलेली रायफल पावसाळ्यात कोरडी ठेवली तर उघड्या पोलादापेक्षा तिचं नशीब फारसं वेगळं नसतं. हे दुकानदार बहुधा सांगत नाहीत.

हॉट ब्ल्यूइंगला दोन ठिकाणी मी ठाम नकार देईन. एक, अ‍ॅल्युमिनियमचे भाग. कॉस्टिकमध्ये अ‍ॅल्युमिनियम विरघळतं, ट्रिगर गार्ड चुकून टाकीत गेला तर खराब होऊनच बाहेर येतो. दुसरं, दुनळी. दोन नळ्या आणि मधली पट्टी शिशा-कथलाच्या सोल्डरने जोडलेल्या असतात. कॉस्टिकचं मीठ त्या सोल्डरला खातं आणि सांध्यात शिरून बसतं. काम झाल्यावर महिनाभर सगळं छान दिसतं. मग पट्टीच्या कडेने पांढरी पावडर फुटते, त्याखाली गंज धरतो आणि एक दिवस पट्टी सुटते. घरातली जुनी दुनळी ज्यांनी ‘काळी करून आणली’ त्यांच्यापैकी अनेकांचा हाच अनुभव आहे, आणि तिथून मागे फिरण्याचा मार्ग महाग असतो.

दुनळीसाठी योग्य आहे ते रस्ट ब्ल्यूइंग. ते संथ आहे, हाताचं आहे आणि मला स्वतःला सगळ्यांत प्रिय आहे. पॉलिश करून पूर्ण तेलमुक्त केलेल्या बॅरलवर सौम्य आम्लाचं द्रावण पातळ पुसतात आणि दमट पेटीत काही तास टांगून मुद्दाम गंज येऊ देतात. मग बॅरल स्वच्छ पाण्यात उकळतात. तांबडा गंज उकळत्या पाण्यात काळ्या मॅग्नेटाइटमध्ये बदलतो. वरचा सुटा थर बारीक तारेच्या मऊ ब्रशने काढतात. पुन्हा द्रावण, पुन्हा गंज, पुन्हा उकळी. असं सहा-आठ वेळा झालं की चमक नसलेला, मखमली, खोल काळा रंग बसतो. पाणी १०० अंशांवर उकळतं, शिशा-कथलाचं सोल्डर १८३ अंशांच्या पुढे वितळतं, म्हणून सांध्याला धोका नाही. थर हॉट ब्ल्यूइंगपेक्षा जाड आणि सूक्ष्म खडबडीत असतो, त्यामुळे तेल जास्त धरतो. कोरड्या प्रदेशातल्या कारागिराला यासाठी वाफेची पेटी बनवावी लागते. आपल्याकडे आषाढ-श्रावणात बंद खोलीतली हवाच ते काम करते. यातल्या उकळण्याच्या पायऱ्या गाळल्या की रंग तपकिरी राहतो, त्याला ब्राउनिंग म्हणतात. ठासणीच्या बंदुकीवर आणि पट्ट्या पिळून घडवलेल्या जुन्या नक्षीदार नळीवर तेच शोभतं. तशी पिळीव नळी मात्र आधुनिक काडतुसांसाठी नसते, हे फिनिशच्या आधी तपासून घ्या.

शेतावर जाणाऱ्या बंदुकीसाठी मी फॉस्फेटिंग निवडेन. इंजिनाचे गिअर, पिस्टनचे भाग ज्यांनी मँगनीज फॉस्फेट करून घेतले आहेत त्यांना हे नवीन नाही. साधारण ९५ अंशांच्या द्रावणात पोलादावर फॉस्फेटचे बारीक स्फटिक उगवतात, रंग करडा किंवा काळपट होतो, चमक अजिबात नसते. दुसऱ्या महायुद्धातल्या सैनिकी रायफली याच फिनिशवर चिखलात, समुद्रकिनाऱ्यावर लढल्या. त्या जगात त्याला पार्करायझिंग म्हणत. स्फटिकांच्या जाळीत तेल मुरतं आणि पुसलं तरी पूर्ण निघत नाही. दिसायला ते साधं आहे, हात फिरवला तर किंचित खरखरीत लागतं. पण भाताच्या बांधावर रात्रभर पावसात उभ्या राहणाऱ्या माणसाला आरशासारखी चमक नको असते, चंद्रप्रकाशात चमकणारं बॅरल तर नकोच. स्टेनलेस स्टीलवर मात्र हे बसत नाही, आणि बॅरलच्या आतल्या भागात, चेंबरमध्ये ते जाऊ द्यायचं नाही. दोन्ही टोकं बुचाने घट्ट बंद करून मगच भाग टाकीत जायला हवा.

प्लेटिंगबद्दल कोल्हापुरात विशेष बोलावं लागतं. हुपरीच्या चांदीच्या कामामुळे आणि शहरातल्या प्लेटिंगच्या दुकानांमुळे इथल्या माणसाला मुलाम्याचा मोह पटकन होतो. हार्ड क्रोम हायड्रॉलिकच्या दांड्यावर उत्तम काम करतं, पण रायफलच्या बाहेरच्या भागांवर ते जाड बसतं, कोपऱ्यांवर अधिक बसतं, बोल्ट आणि रिसीव्हर यांच्यातली बारीक फट बिघडवतं. शिवाय त्यात केसाहून बारीक भेगा असतात आणि ओलावा त्यांतून खाली जातो. इलेक्ट्रोलेस निकेल त्यापेक्षा चांगलं: विजेशिवाय रासायनिक क्रियेने चढतं म्हणून सगळीकडे सारखं बसतं, फॉस्फरसचं प्रमाण जास्त असलेलं निकेल घामालाही चांगलं तोंड देतं. मात्र निकेलच्या थराला खोल ओरखडा पडला की खालचं लोखंड उघडं पडतं आणि त्या एका जागी गंज नेहमीपेक्षा वेगाने आत जातो, कारण दोन धातूंच्या जोडीत झिजतं ते लोखंडच. झिंकचं उलट आहे, ते स्वतः झिजून लोखंड वाचवतं. पण बंदुकीवर झिंक शोभत नाही आणि घासणाऱ्या भागांवर टिकतही नाही. स्टॉकच्या आतल्या स्क्रूंना चालेल.

प्लेटिंगच्या आधी भाग आम्लात धुतात, त्याला शॉपमध्ये पिकलिंग म्हणतात. तेव्हा हायड्रोजन पोलादात शिरतो. साध्या मऊ पोलादाला त्याचं काही वाटत नाही, पण कडक केलेली स्प्रिंग, एक्स्ट्रॅक्टर, फायरिंग पिन यांना तो ठिसूळ करतो. भाग टाकीतून चांगला निघतो, आठ-पंधरा दिवसांनी ताणाखाली काच तडकावी तसा तुटतो. यावर उपाय जुना आणि खात्रीचा आहे: प्लेटिंग झाल्याबरोबर, दुसऱ्या दिवसावर न टाकता, १९० ते २२० अंशांच्या भट्टीत काही तास ठेवणं. ‘बेकिंग करता का, किती तास?’ हा प्रश्न विचारा. समोरचा गोंधळला तर भाग परत घ्या. मी तर स्प्रिंगांना प्लेटिंगच करू नये या मताचा आहे. त्यांना तेल पुरेसं आहे.

नायट्रायडिंग आणि त्याचा मिठाच्या टाकीतला प्रकार नायट्रोकार्ब्युरायझिंग हे आजच्या कारखान्यांतलं सर्वांत मजबूत उत्तर आहे. साधारण ५८० अंशांना नायट्रोजन आणि कार्बन पोलादाच्या पृष्ठभागात मुरवतात, पंधरा-एक मायक्रॉनचा अतिशय कडक थर तयार होतो, वर काळं ऑक्सिडेशन देतात. माप नगण्य बदलतं, घाम हरतो, ओरखडे सहज पडत नाहीत. ऑस्ट्रियाच्या ग्लॉक पिस्तुलांची स्लाइड याच कुळातल्या प्रक्रियेने प्रसिद्ध झाली. क्रोम-मॉलिब्डेनम पोलादाचं नवीन बॅरल असेल, चेंबर कापून पूर्ण झालेलं असेल, तर हा पर्याय मी मोकळेपणाने सुचवेन. पण ५८० अंश हा आकडा पुन्हा वाचा. ज्या अ‍ॅक्शनचं टेम्परिंग याच्या खालच्या तापमानाला झालेलं आहे, ती इथे मऊ पडेल. जुन्या माऊजर घडणीच्या रायफलींमध्ये वरचा कातडीएवढा थर कडक आणि आत मऊ पोलाद अशी रचना असते. अशी अ‍ॅक्शन भट्टीत घालणं म्हणजे ज्या भागाने काडतुसाचा दाब तुमच्या चेहऱ्यापासून काही इंचांवर रोखायचा, त्यालाच कमकुवत करणं. मूळ उत्पादकाचं लेखी मत असल्याशिवाय अ‍ॅक्शन आणि बोल्ट ४००-५०० अंशांच्या किंवा त्याहून वरच्या कोणत्याही प्रक्रियेला देऊ नका. आणि स्टेनलेसला नायट्राइड केलं तर त्याचा गंजरोधक गुण कमी होतो, हेही पुष्कळांना माहीत नसतं.

स्टेनलेसचा विषय निघालाच आहे तर: स्टेनलेस गंजत नाही हा समज काढून टाका. बॅरलसाठी वापरतात ते स्टेनलेस स्वयंपाकघरातल्या भांड्याचं नसतं. त्यात साधारण १२-१३ टक्के क्रोमियम असतं, कापायला सोपं जावं म्हणून गंधकही असतं, आणि क्लोराइडपुढे ते हळूहळू हार मानतं. त्याला गंज उशिरा धरतो, पण धरतो. रोज पुसणं आणि पातळ तेल त्यालाही लागतंच.

सेराकोटसारखी सिरॅमिक मिसळलेली रंगलेप कोटिंग्ज गेल्या काही वर्षांत आपल्याकडेही पोचली आहेत. पृष्ठभाग अ‍ॅल्युमिनियम ऑक्साइडने ब्लास्ट करायचा, फवारायचं, सुमारे १२० अंशांना दोन तास भट्टीत शिजवायचं. थर साधारण २५ मायक्रॉनचा. पोलाद, स्टेनलेस, अ‍ॅल्युमिनियम, सगळ्यांवर एकच रंग मिळतो, आणि ओलावा खऱ्या अर्थाने अडवणारा थर मिळतो. ब्ल्यूइंगसारखा तेलावर अवलंबून नाही. ज्याच्या हाताला घाम जास्त येतो आणि ज्याला देखभालीचा कंटाळा आहे, त्याने बॅरलच्या बाहेरच्या भागाला आणि रिसीव्हरला हेच करावं, असं माझं मत आहे. बोल्टच्या घासणाऱ्या कडांवर मात्र ते झिजतं. साध्या पावडर कोटिंगची त्याच्याशी गल्लत करू नका. खिडकीच्या गजांना, कपाटांना जे करतात ते ६० ते १०० मायक्रॉन जाड असतं आणि त्याची भट्टी १८० ते २०० अंशांची. आटे बुजतात, सोल्डर सुटायला येतं, नंबर झाकला जातो.

दहा मीटरच्या एअर रायफलवाल्यांसाठी एकच सूचना, पण ती जिवाची आहे. हवेचं सिलिंडर फिनिशसाठी कोणालाही देऊ नका. त्यात २०० बार दाब असतो. अ‍ॅल्युमिनियमचं सिलिंडर भट्टीत तापवलं, ब्लास्ट केलं किंवा कॉस्टिकने धुतलं तर त्याची ताकद जाते आणि बाहेरून काहीच कळत नाही. आंतरराष्ट्रीय नेमबाजी महासंघाच्या नियमांतही सिलिंडरची मुदत जास्तीत जास्त १० वर्षं धरलेली आहे. रंग उडाला असेल तर उडू द्या. स्टॉकचे अ‍ॅल्युमिनियमचे भाग मात्र अ‍ॅनोडायझिंगला निर्धास्त द्या; हार्ड अ‍ॅनोडायझिंग परवडत असेल तर गालपट्टी आणि हाताच्या आधाराच्या भागांना तेच करा, कारण घाम तिथेच साचतो.

आता कायद्याचा भाग. इथे कोल्हापूरकराने विशेष सावध राहायला हवं, कारण आपल्या प्रत्येकाच्या ओळखीत एखादा शॉपवाला असतोच. ‘मित्राचं ब्लॅकोडायझिंग आहे, बॅरल तेवढं टाकून घेतो’ असं वाटणं साहजिक आहे. तसं करू नका. शस्त्र अधिनियम १९५९ च्या पाचव्या कलमाप्रमाणे बंदूक बनवणं, विकणं याप्रमाणेच दुरुस्त करणं, बदल करणं यालाही परवाना लागतो, आणि कायद्याच्या व्याख्येत बंदुकीचे सुटे भागही बंदूकच असतात. सुटं बॅरल हे लोखंडाचा पाइप नव्हे. शॉपवाल्याचा हेतू कितीही चांगला असला तरी त्याच्या टेबलावर ते सापडलं तर तुम्ही दोघंही अडचणीत याल. काम परवानाधारक गनस्मिथच्या किंवा परवानाधारक विक्रेत्याच्या जागेतच व्हायला हवं, पावती हवी, हत्यार नेताना-आणताना परवाना सोबत हवा. उद्यमनगरच्या ज्ञानाचा उपयोग मात्र नक्की करा: कोणतं रसायन, किती तापमान, बेकिंग किती, हे त्यांच्याकडून समजून घ्या आणि तेच प्रश्न गनस्मिथला विचारा. ४.५ मिलिमीटरच्या आणि २० ज्यूलच्या आतल्या एअर रायफलला शस्त्र परवाना लागत नाही, तिच्या भागांना ही अडचण नाही.

त्याच कायद्याचं आठवं कलम सांगतं की बंदुकीवरचा नंबर, नाव किंवा ओळखीची खूण खोडणं, काढणं, बदलणं हा गुन्हा आहे. फिनिशच्या आधीच्या पॉलिशमध्ये हे नकळत होतं. बफिंगचं चाक दोन मिनिटं जास्त फिरलं की जुना, उथळ ठोकलेला नंबर पुसट होतो. काम देण्याआधी नंबरचा स्पष्ट फोटो काढा, ‘नंबरच्या भागावर बफ नको, हाताने बारीक पॉलिश पेपर’ असं पावतीवर लिहून घ्या, आणि परत घेताना परवान्यावरच्या नंबरशी तिथल्या तिथे ताडून पाहा.

खरं तर कोणत्याही फिनिशचं ऐंशी टक्के यश पृष्ठभागाच्या तयारीत असतं. ब्ल्यूइंग खालचा प्रत्येक ओरखडा दाखवतं, झाकत नाही. बफिंग घाईत केलं की कडा गोल होतात, अक्षरं बुजतात, स्क्रूच्या भोकांभोवती खळगे पडतात. रायफल चकाकते, पण तिची रेषा गेलेली असते. चांगला कारागीर बॅरलच्या लांबीच्या दिशेने पॉलिश पेपर चालवतो, खडबडीतापासून बारीकापर्यंत, आणि शेवटच्या पेपरनंतर उघड्या हाताने पोलादाला स्पर्शसुद्धा करत नाही. एका बोटाचं तेल ब्ल्यूइंगमध्ये कायमचा डाग उमटवतं. जुन्या गंजाचे खड्डे असतील तर ते घासून काढण्याच्या नादात बॅरलची भिंत पातळ होऊ देऊ नका. बाहेरचा खड्डा दिसायला वाईट असतो, पातळ झालेली भिंत धोक्याची असते.

कामाचा अंदाज घ्यायचा सोपा मार्ग आहे. त्याच जातीच्या पोलादाच्या एका तुकड्यावर, आपल्या रायफलसारखंच पॉलिश करून, तेच फिनिश आधी करून मागा. त्याच्या अर्ध्या भागाला तेल लावा, अर्धा कोरडा ठेवा, आणि पावसाळ्यात पंधरा दिवस न्हाणीघरात टांगा. मधूनमधून घामट हाताने धरा. कोरडा भाग किती सोसतो आणि तेलाचा भाग किती, हे डोळ्यांनी दिसेल. कारखान्यांत मिठाच्या फवाऱ्याची चाचणी करतात, पाच टक्के मिठाचं पाणी, ३५ अंश, अमुक तास. ते आकडे दोन कोटिंगांची तुलना करायला ठीक आहेत. ‘पाचशे तास टिकलं म्हणजे पाच वर्षं टिकेल’ असं गणित त्यातून निघत नाही.

ज्यांच्याकडे वारशाने आलेलं हत्यार आहे त्यांना मी कळकळीने सांगेन की शक्य असेल तर काहीच करू नका. कोल्हापूर संस्थानात शिकारीची मोठी परंपरा होती; नवीन राजवाड्यातल्या संग्रहालयात तिच्या खुणा आजही दिसतात. त्या काळातल्या सरदार-इनामदार घरांतल्या रायफलींवरचं मूळ फिनिश, ते विटलं असलं तरी, त्या कारागिराच्या हातचं आहे. नवं ब्ल्यूइंग केलं की अभ्यासकाच्या आणि संग्राहकाच्या लेखी तिची किंमत उतरते आणि तो इतिहास परत येत नाही. तेलात भिजवलेल्या मऊ कापडाने, पितळी ब्रशने सैल गंज काढा, मायक्रोक्रिस्टलाइन मेणाचा पातळ हात द्या, आणि थांबा. इच्छापूरच्या कारखान्यातली ३१५ बोअरची रोजच्या वापराची रायफल असेल तर गोष्ट वेगळी. ती बिनधास्त नव्याने फॉस्फेट करून घ्या.

फिनिश कोणतंही निवडा, पावसाळ्यातली साठवण त्याहून महत्त्वाची आहे. सर्वांत जास्त रायफली गंजतात त्या शेतात नव्हे, तर स्पंजच्या अस्तराच्या महागड्या पेटीत. सरावाहून आल्यावर ओलसर रायफल पेटीत ठेवली, कुलूप लावलं, आणि पुढच्या रविवारी उघडली. स्पंज ओलावा धरून ठेवतो आणि लोखंडाला चिकटून बसतो. पेटी प्रवासासाठी आहे, घरी ती उघडी वाळू द्या. चामड्याच्या खोळीतही कायमचं ठेवू नका. कमावलेल्या चामड्यातली आम्लं आणि ओल दोन्ही पोलादाला मारक आहेत. घरी कुलपाच्या कपाटात, नळी खाली करून, सिलिका जेलच्या पुड्यांसोबत ठेवा, आणि पुड्या महिन्यातून एकदा तापवून कोरड्या करा.

तेलाच्या बाबतीत, खोबरेल किंवा कोणतंही खाद्यतेल वापरू नका. ते हवेने चिकट होतं, बोल्टच्या आत गोंदासारखं बसतं. शिवणयंत्राचं पातळ तेल रोजच्या पुसण्याला चालतं, पण आठवडाभरात पातळ होऊन ओघळतं. फवाऱ्याच्या डब्यातलं पाणी हटवणारं तेल भिजलेली रायफल कोरडी करायला उत्तम, महिनाभराच्या साठवणीला अपुरं. दीर्घ काळासाठी गंजरोधक ग्रीस किंवा मेण. आणि शिरोलीतून यंत्रभाग परदेशी पाठवणारे ज्या व्हीसीआय कागदात माल गुंडाळतात, तोच कागद रायफलला गुंडाळा. त्यातून निघणारी वाफ पोलादावर अदृश्य थर बसवते. स्वस्त आहे, इथे सहज मिळतो, आणि नेमबाजांमध्ये अजून फारच कमी वापरला जातो याचं मला आश्चर्य वाटतं. निवडणुकीच्या काळात हत्यार पोलिस ठाण्यात जमा करायची वेळ आली तर ग्रीस आणि हा कागद दोन्ही वापरा, कारण ते तिथे किती आठवडे राहील हे तुमच्या हातात नसतं. गोळीबारापूर्वी बॅरलच्या आतलं तेल-ग्रीस पूर्ण पुसून काढायला विसरू नका.

पंचगंगेच्या २०१९ आणि २०२१ च्या पुरांनंतर आणखी एक गोष्ट सांगणं भाग आहे. हत्यार पुरात सापडलं तर पहिली चूक होते ती बोल्ट जोराने ओढण्याची. गाळात वाळू असतेच, ती प्रत्येक घासणाऱ्या पृष्ठभागावर ओरखडे काढते. सर्वांत आधी नळी सुरक्षित दिशेला ठेवा आणि काडतूस भरलेलं असण्याची शक्यता गृहीत धरा. शंका असेल तर स्वतः न उघडता गनस्मिथला बोलवा. रिकामं आहे याची खात्री झाल्यावर स्वच्छ, वाहत्या पाण्याने गाळ धुऊन काढा. पाण्यातून काढलेलं लोखंड हवेत आलं की तासाभरात गंजू लागतं, म्हणून लगेच खोलता येत नसेल तर स्वच्छ पाण्यात किंवा डिझेलमध्ये बुडवून ठेवणं बरं. मग पाणी हटवणारं तेल, पूर्ण खोलणं, कोरडं करणं, पुन्हा तेल. लाकडी स्टॉक उन्हात नव्हे, सावलीत आठवडे घेत वाळवा. पुरात भिजलेली काडतुसं वाळवून पुन्हा वापरू नका, ती पोलिसांच्या सल्ल्याने जमा करा. आणि हत्यार वाहून गेलं असेल किंवा परवान्याचा कागद भिजला असेल, तर ठाण्यात त्याच दिवशी लेखी कळवा आणि पोच घ्या.